‘मॅडम, बेरीज करायची का वजाबाकी?’

डोंगराळ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आहे. तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग त्यांच्याकडे आहेत आणि पटावर मिळून २३ मुलं. मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी बहुतेकांना येते, हातच्याचीसुद्धा. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र मुलं वाचायच्या आधीच विचारतात, ‘मॅडम, बेरीज करायची का वजाबाकी?’ म्हणून बाईंनी भिंतीवर तक्ता लावला. ‘एकूण, मिळून, आणखी’ दिसलं की बेरीज. ‘उरले, दिले, कितीने जास्त’ दिसलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ दिसलं की गुणाकार. ऑगस्टच्या चाचणीत वर्गाची सरासरी २० पैकी १४ आली. सप्टेंबरमध्ये त्यांनी वाक्यं थोडी बदलून स्वतः पेपर काढला, तर सरासरी ८ वर घसरली. सोमनाथला (नाव बदललं आहे) दोन्ही वेळा ३ च. कोमल (हेही बदललेलं) नुसतं उत्तर लिहिते, रीत लिहीतच नाही, म्हणून तिचे निम्मे गुण कापले जातात. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) शाळाभेटीत म्हणाले, ‘प्रगती दाखवा.’ बाई विचारतात: मुलांची प्रगती झाली की नाही, हे मी ओळखू कसं? सोमनाथची धडपड दिसते, त्याला चार गुण वाढवून दिले तर ते खोटं होईल का? की क्रिया पक्क्या होईपर्यंत शाब्दिक उदाहरणं बाजूलाच ठेवू?

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. ‘सोमनाथ हल्ली पेपरात चित्रं काढत बसतो, वेळ जातो.’ मी त्या ओळीवर थांबले आणि तुम्ही सोबत पाठवलेले त्याच्या दोन्ही पेपरांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

दोन्हींवर लाल शाईत ३. ऑगस्टच्या पेपरात त्याने दहाच्या दहा उदाहरणांत दिसतील त्या संख्या मिळवल्या आहेत. १२ पेरू ४ जणांना सारखे वाटायचे होते, तिथेही १६. एक उदाहरण खरोखरच बेरजेचं होतं, त्याचे दोन गुण मिळाले. आणखी एक गुण तुम्ही कुठेतरी माया करून दिला असावा. सप्टेंबरच्या पेपरात सहा उदाहरणांत चित्र आहे. शेळ्यांच्या उदाहरणात त्याने गोठ्याचा चौकोन काढला आहे, चौकोनात आठ रेघा, बाहेर पाच रेघा, आणि खाली लिहिलंय १२. मोजताना एक रेघ सुटली. उत्तर चुकलं आणि गुण गेले. पण गोठ्यात कोण राहिलं, चरायला कोण गेलं, विचारलंय काय, हे सगळं त्या चौकोनात बरोबर आहे. ऑगस्टमधला सोमनाथ उदाहरण वाचतच नव्हता. सप्टेंबरमधला वाचतो, प्रसंग डोळ्यांपुढे आणतो आणि मोजताना चुकतो. एका महिन्यात एवढी मजल मारलेलं मूल तुमच्या वर्गात दुसरं असेल की नाही, मला शंका आहे.

तेव्हा प्रगती झाली आहे. चाचणीला ती टिपता आली नाही, कारण चाचणी फक्त खाली लिहिलेल्या आकड्याकडे बघत होती.

आता वर्गाचे १४ आणि ८. तुम्ही लिहिता, ‘मुलं महिन्याभरात विसरली.’ मला तसं वाटत नाही. तुमच्याच सप्टेंबरच्या पेपरातली ही तीन उदाहरणं पुन्हा वाचा.

सुमनकडे ८ बोरं होती. आजीने तिला आणखी काही बोरं दिली. आता तिच्याकडे १३ बोरं आहेत. आजीने किती बोरं दिली?

गोठ्यातून ५ शेळ्या चरायला गेल्या. गोठ्यात ८ उरल्या. आधी गोठ्यात किती शेळ्या होत्या?

रेश्माकडे १३ बांगड्या आहेत. त्या सलमाच्या बांगड्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. सलमाकडे किती?

तुमचा तक्ता मनापासून पाळणारं मूल पहिल्यात ‘आणखी’ पाहून २१ लिहील. दुसऱ्यात ‘उरल्या’ पाहून ३ लिहील. तिसऱ्यात ‘जास्त’ पाहून वजाबाकी करेल, ८ लिहील आणि पूर्ण गुण मिळवेल. वाचलं त्याने एकही नसेल. म्हणजे चुकलेल्या दोन उत्तरांइतकंच तिसरं बरोबर उत्तरही आपल्याला फसवतं. ऑगस्टच्या पेपरात जवळजवळ सगळी वाक्यं तक्त्याला धरून होती, म्हणून १४ आले. ते गुण तक्त्याचे होते. सप्टेंबरच्या ८ मध्ये मुलं पहिल्यांदा स्वतः दिसली, आणि तो पेपर तुम्ही काढलात याचं मला कौतुक वाटतं. सरासरी खाली जाईल हे दिसत असताना असा पेपर काढायला धीर लागतो.

तक्त्यावरून मी तुम्हाला बोल लावणार नाही. असाच तक्ता माझ्या वर्गात बरीच वर्षं होता, रंगीत कार्डशीटवर, सुबक अक्षरात. मुलं विचारतात, आपल्याला उत्तर द्यावंसं वाटतं, आणि तक्ता हे सगळ्यात पटकन देता येणारं उत्तर असतं. शिवाय पुस्तकात वजाबाकीच्या धड्याखाली वजाबाकीचीच उदाहरणं असतात. धड्याचं नाव माहीत असलं की उदाहरण वाचायची गरजच राहत नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९८० च्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना विचारलं होतं: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी दिलेल्या संख्या घेऊन काहीतरी क्रिया केली आणि वय लिहून दिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत १९८० च्या दशकात तेरा वर्षांच्या मुलांना प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांना बरोबर आला. ३२ बस हे उत्तर मात्र २३ टक्क्यांनीच दिलं. कितीतरी जणांनी लिहिलं, ‘३१ बस, बाकी १२’. ही मुलं मठ्ठ नव्हती. शाळेतल्या गणिताचा अलिखित नियम त्यांना पक्का कळला होता: दिलेल्या सगळ्या संख्या वापरायच्या, आत्ता शिकवलेली क्रिया करायची, उत्तर असतंच. तुमची मुलं ‘बेरीज का वजाबाकी’ विचारतात तेव्हा तीही हाच नियम पाळत असतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मोजायचं काय, ते बदला. मूल किती उदाहरणं सोडवतं यापेक्षा ते कुठे अडतं हे लिहून ठेवा. अडण्याची जागा पुढे सरकली की प्रगती झाली.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी हे काम फार सोपं करून ठेवलं आहे. १९७७ मध्ये त्यांनी सहावीतल्या, गणितात मागे असलेल्या १२४ मुलांच्या तीन हजार चुका एकेक करून तपासल्या. जवळजवळ निम्म्या चुका आकडेमोड सुरू होण्याआधीच झालेल्या निघाल्या: वाचताना, अर्थ लावताना, किंवा कोणती क्रिया करायची ते ठरवताना. आपण मात्र चूक दिसली की आकडेमोडीचा आणखी सराव देतो. त्यांनी मुलांना पाच गोष्टी विचारल्या. त्या आपल्या भाषेत अशा विचाराव्यात असं मला वाटतं.

‘हे मला वाचून दाखव.’ ‘यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग.’ ‘कसं करशील?’ ‘करून दाखव, करता करता बोल.’ ‘मग उत्तर काय ते लिही.’ चौथीच्या मुलांना मी सहावा प्रश्न जोडते: ‘हे बरोबर आहे कशावरून?’

मूल पहिल्यांदा जिथे अडलं त्याचं एक अक्षर वहीत मांडा. वा म्हणजे वाचन, अ म्हणजे अर्थ, मा म्हणजे मार्ग, क्रि म्हणजे क्रिया, उ म्हणजे उत्तर लिहिणं. समोर तारीख. एका मुलाबरोबर तीन उदाहरणं, सहा-सात मिनिटं. रोज दोन मुलं घेतलीत तर २३ मुलं बारा दिवसांत होतात. एक वर्ग स्वाध्यायात असताना किंवा खिचडीनंतरच्या निवांत वेळात हे जमतं. वर्षातून दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या, एक दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि एक फेब्रुवारी-मार्चमध्ये. दर महिन्याला करायला गेलात तर तुमचं शिकवणं राहून जाईल आणि पाच अक्षरं हा भरायचा आणखी एक रकाना होईल.

या वेळात सगळ्यात अवघड असतं ते आपण गप्प बसणं. मूल थांबलं की आपल्या तोंडून निघतंच, ‘अगं, नीट वाच ना, उरल्या म्हटलंय.’ झालं, तपासायचं ते आपणच सांगून टाकलं. मनात वीस अंक मोजा. तरी अडलंच तर मदत करा आणि त्या अक्षरावर एक टिंब द्या, म्हणजे पुढच्या फेरीत कळेल की तेव्हा आधार लागला होता, आता लागत नाही.

‘वा’ बद्दल एक सांगते, कारण ते मराठी शाळेतच कळतं. तुम्ही उदाहरण तोंडी सांगता, ‘एकोणसाठ रुपये’, आणि मूल ६९ लिहितं, कारण कानावर ‘साठ’ पडलेलं असतं. पुढची वजाबाकी बिनचूक असते आणि उत्तर चुकतं. आपण म्हणतो, हातचा येत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’ अशा वाचनाची सोय आली तेव्हा झालेला वाद तुम्हाला आठवत असेल. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूला असा, एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी या संख्या ऐकून लिहिता येतात का, हे शाब्दिक उदाहरणांच्या आधी एकदा तपासून घ्या. आणि ज्यांचं वाचनच अजून अडखळतं त्यांना गणिताच्या चाचणीत उदाहरण मोठ्याने वाचून दाखवा. वाचनाची उणीव भाषेच्या नोंदीत लिहू, गणितात तिची शिक्षा नको.

‘अर्थ’ला अडणाऱ्या मुलांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आकडे झाकणं. ‘गोठ्यातून काही शेळ्या चरायला गेल्या, काही उरल्या. आधी किती होत्या?’ हातात आकडेच नसले की मिळवायला-वजा करायला काही उरत नाही, मग मूल गोष्टीकडे वळतं. ‘आधीच्या जास्त असणार ना मॅडम?’ असं कुणीतरी म्हणतंच. हे वाक्य ऐकू आलं की नोंदवा. मूल्यमापन तिथेच झालं. ‘मार्ग’ला अडणाऱ्यांना पाच-सहा उदाहरणांच्या चिठ्ठ्या द्या आणि न सोडवता फक्त सारखी सारखी एकत्र ठेवायला सांगा. बोरांची आणि शेळ्यांची चिठ्ठी ‘दोन्हींत जनावर-फळ मोजायचंय’ म्हणून एकत्र ठेवली, की ‘दोन्हींत आधीचं किंवा मधलं कळत नाही’ म्हणून ठेवली, यावरून खूप समजतं. ‘क्रिया’ला अडणाऱ्यांना सरावाचे कागद द्या. सरावाचा कागद खऱ्या अर्थाने लागू पडतो तो इथेच.

कोमलचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे. आई आठवडी बाजारात भाजी विकते आणि कोमल तिच्या शेजारी बसते, हे तुम्हीच लिहिलंय. अशी मुलं हिशेब कसा करतात हे जगात पुष्कळ अभ्यासलं गेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेले ९८ टक्के हिशेब त्या मुलांनी बरोबर केले. तसेच हिशेब कागदावर नुसते मांडून दिले तेव्हा बरोबर आले ३७ टक्के. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल २०२५ मध्ये मांडलेले निष्कर्षही याच वळणाचे आहेत, आणि त्यात उलटी बाजूसुद्धा आहे: फक्त शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात. तेव्हा एकाच कागदावरून कुणाला गणित येतं आणि कुणाला येत नाही असं ठरवण्याआधी थांबायला हवं.

कोमलला विचारा, ‘पावशेर वांगी पंधरा रुपयांना, तर सव्वा किलोचे किती?’ ती बहुधा म्हणेल, ‘किलोचे साठ, वर पंधरा, पंचाहत्तर.’ ही रीतच आहे, ताई, आणि पुस्तकातल्या रीतीपेक्षा सुटसुटीत आहे. ती बोलते तसं फळ्यावर तुम्ही लिहा, ६० + १५ = ७५, तिच्या नावासह. तोंडी सांगितलेली रीत रीत म्हणून धरा आणि कापलेले गुण परत करा. लिहायला मग तिला शिकवायचंच आहे, पण कारण वेगळं सांगून. हिशेब तीन-चार पायऱ्यांचा झाला की डोक्यातलं मधलं उत्तर निसटतं, कागद ते धरून ठेवतो. तसं एक उदाहरण तिच्यासमोर ठेवा. शाळेतलंच घ्या: पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. चार दिवसांची हजेरी १९, २३, २१, २२. किती तांदूळ लागला, आणि १० किलोतला किती राहिला? यात कोमललाही कागद हवासा वाटेल.

आता सोमनाथचे चार गुण. देऊ नका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला दिसतं, पण पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना ७ दिसेल आणि त्यामागचा चौकोन दिसणार नाही. वर्गातल्या बाकीच्यांना कळेल. सोमनाथलाही कळेल. मुलांना फुकटचे गुण ओळखू येतात.

त्यापेक्षा गुण द्यायची रीत बदला, सगळ्या २३ मुलांसाठी, आणि चाचणीआधी त्यांना सांगून. दोन गुणांच्या उदाहरणात एक गुण प्रसंग बरोबर मांडल्याचा (चित्र, रेघा, वाक्य, क्रिया, काहीही चालेल) आणि एक उत्तराचा. या नियमाने मी सोमनाथचे पेपर पुन्हा तपासले. ऑगस्टचे दोन होतात, सप्टेंबरचे पाच, कारण त्याच्या सहा चित्रांपैकी चार प्रसंगाशी जुळतात आणि एक उत्तर बरोबर आहे. पाच हा आकडा अजून लहानच आहे. पण तो त्याने मिळवलेला आहे, आणि तो दोनावरून आलेला आहे.

तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना यात घ्या. पाच पेपर नावं दुमडून दोघांनी वेगवेगळे तपासा आणि मग गुण ताडून बघा. जिथे फरक पडेल तिथे ‘प्रसंग मांडला’ म्हणजे नेमकं काय, यावर बोलणं होईल. पहिल्या वेळी फरक भरपूर पडतो. घाबरू नका.

केंद्रप्रमुखांबद्दल तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना टक्केवारीच हवी आहे. मला वाटतं, आपण त्यांच्यापुढे टक्केवारीशिवाय दुसरं काही क्वचितच ठेवतो. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकचा (शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाचा) भार ६० टक्के आहे आणि संकलितचा (सत्राअखेरच्या चाचणीचा) ४०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय ही साधनं त्यात आधीपासून आहेत. तुमची सहा मिनिटांची बैठक तोंडी कामात चपखल बसते, वेगळी परवानगी लागत नाही. अडचण वर्णनात्मक नोंदींची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या पीडीएफमधून ‘गणितातील उदाहरणे सोडवतो’ हे वाक्य तेवीस वेळा उतरवलं की ती नोंद कुणाच्याच कामाची राहत नाही. सोमनाथपुढे असं लिहून बघा:

‘ऑगस्टमध्ये प्रत्येक उदाहरणात दिसेल त्या संख्या मिळवत असे. सप्टेंबरमध्ये दहापैकी सहा उदाहरणांत चित्र काढले, चार चित्रे प्रसंगाशी जुळणारी. मोजताना एखादी वस्तू सुटते. पुढे: पाच-पाचचे गट करून मोजणे.’

सोबत दोन्ही पेपर. शाळाभेटीत हे तीन कागद केंद्रप्रमुखांच्या हातात द्या आणि त्यांनाच विचारा, ‘सर, तुम्हाला काय दिसतं?’ जमलं तर शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतही मांडा. ‘बेरीज का वजाबाकी’ हा प्रश्न तुमच्या एकटीच्या वर्गात विचारला जात नाही.

गुणांबद्दल आणखी एक. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये १९८८ साली पाचवी-सहावीतल्या मुलांचे गट केले होते. काहींना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं नाही सुधारलं; गुण दिसले की शेरा वाचायचा राहूनच जातो. संकलितमध्ये गुण द्यावेच लागतील. मधल्या चाचण्यांत अधूनमधून वहीवर गुण न लिहिता फक्त लिहा, ‘गोठा छान काढलास, बाहेरच्या रेघा पुन्हा मोज.’

शाब्दिक उदाहरणं बाजूला ठेवण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. त्यामागे एक समजूत आहे की आधी क्रिया, मग गोष्ट. मुलं मात्र उलटी येतात. विस्कॉन्सिनमध्ये टॉमस कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बालवाडीच्या मुलांना वाटपाच्या आणि पटीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. गुणाकार-भागाकाराची रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. वस्तू मांडून, वाटून त्यांतल्या पुष्कळ मुलांनी उत्तरं काढली. आपल्या पोरांनीही शाळेत यायच्या आधी चार भावंडांत बारा पेरू वाटलेले असतात. ते बाजूला ठेवायला लावून, चिन्हं शिकवून, तिसरीत पुन्हा गोष्ट दिली की ती त्यांना परकी वाटते. फक्त संख्या लहान ठेवा, म्हणजे आकडेमोड आड येणार नाही आणि विचार दिसेल. तक्ताही एका दिवसात फाडू नका. मुलांना विचारा, ‘तक्त्याला चुकवणारं उदाहरण कोण तयार करतं?’ आठवड्याभरात तीच त्याला मोडीत काढतील.

पुढचा पेपर काढताना बेरीज-वजाबाकी-गुणाकार मिसळून ठेवा. एका उदाहरणात एक संख्या जादा असू दे, एकात गरजेची माहितीच नसू दे. ‘हे सोडवता येत नाही, पेरू किती ते सांगितलं नाही’ असं मुलाने लिहिलं तर पूर्ण गुण. मात्र असं उदाहरण पेपरात येऊ शकतं हे आधी सांगा, नाहीतर ती फसवणूक होते. आणि एक प्रश्न उलटा ठेवा: फळ्यावर १३ − ५ = ८, याची गोष्ट लिहा. एक मूल लिहील, ‘१३ कोंबड्या होत्या, ५ विकल्या.’ दुसरं लिहील, ‘१३ कोंबड्या ५ शेळ्या किती?’ या दोन वाक्यांमधलं अंतर दहा उदाहरणांच्या पेपरातसुद्धा एवढं स्पष्ट दिसत नाही. या पेपरातली दोन-तीन उदाहरणं आकडे आणि नावं बदलून फेब्रुवारीत पुन्हा द्या. तुलना तशाच उदाहरणाशी केली तरच तिला अर्थ आहे. ऑगस्टचे १४ आणि सप्टेंबरचे ८ यांची तुलना होऊच शकत नव्हती.

हे वाचणाऱ्या शहरातल्या शिक्षकांच्या वर्गात पन्नास-साठ मुलं असतील. त्यांनी प्रत्येकाशी बसायचा हट्ट धरू नये. पुढची दोन, मधली दोन, मागची दोन अशा सहांशी बोललात तरी वर्ग कुठे अडतो ते कळतं. पालकांसाठी एवढंच, की पेपर घरी आला की ‘किती मिळाले’च्या आधी एकदा ‘हे कसं केलंस, मला सांग’ विचारून बघा. लिहिता-वाचता न येणारी आजीसुद्धा हा प्रश्न विचारू शकते, आणि नातवंडं आजीला सगळ्यात छान समजावून सांगतात.

ताई, सोमवारी सोमनाथला त्याचाच सप्टेंबरचा पेपर द्या. १२ चुकलंय हे सांगू नका. ‘हा गोठा मला समजावून सांग’ म्हणा आणि ऐका. मग म्हणा, ‘सगळ्या शेळ्या बोट ठेवून मोज.’ तेरावी रेघ त्याची त्याला सापडली, तर खोडरबर देऊ नका. १२ तसंच राहू दे, शेजारी त्याला १३ लिहू दे, खाली तारीख घाला आणि तो कागद जपून ठेवा, फेब्रुवारीत लागेल.